इथे नको, मग कुठे?

प्रश्न: आमचं घर गल्लीच्या वळणावर आहे. सकाळ-संध्याकाळ कुत्री फिरवणारी तीन-चार माणसं आमच्या फाटकावरून जातात. फाटकाच्या खांबावर रोज लघवी असते आणि कुंड्यांजवळ आठवड्यातून तीन-चारदा शी. दोन रोपं करपून गेली. मी रोज फिनेलने धुते, तरी वास जात नाही आणि कुत्री पुन्हा तिथेच येतात. एका शेजाऱ्यांना बोलले तर म्हणाले, "आमचा फक्त शू करतो, शी भटक्या कुत्र्यांची आहे. आणि रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?" तेव्हापासून बोलणं बंद आहे. घरात रांगणारं बाळ आहे, त्यामुळे जीव धास्तावलेला असतो. कुणी तिखट टाका म्हणतं, कुणी डांबराच्या गोळ्या. मिस्टर म्हणतात, व्हिडिओ काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकू. काय करावं?

उत्तर: ताई, व्हिडिओ अजून ग्रुपवर गेला नसेल तर जाऊ देऊ नका. तिखट आणि डांबरगोळ्याही नकोत, कारणं पुढे येतीलच. त्याआधी एक गोष्ट. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकात एक मिसळल्या आहेत, आणि अशी भांडणं चिघळतात ती बहुतेक वेळा इथूनच. शी उचलता येते, शू उचलता येत नाही. म्हणून शीबद्दल "दर वेळी, पूर्ण उचला" ही मागणी अगदी रास्त आहे आणि तिच्यात माघार घेऊ नका. शूबद्दल मात्र "कुठेच नको" ही मागणी कुणालाही पाळता येणार नाही. वीस किलोचं धडधाकट कुत्रं दिवसाला साधारण ४०० ते ८०० मिलिलिटर लघवी करतं. ती कुठेतरी होणारच. तिथे मागणी जागेची हवी: माझा खांब, माझा उंबरा आणि कुंड्या सोडून, अमुक ठिकाणी. नुसतं "इथे नको" म्हटलं की समोरच्याला "कुत्रं पाळू नका" असं ऐकू येतं आणि तो रस्त्याच्या मालकीवर घसरतो.

आता तुमच्या फाटकापासून सुरुवात करू, कारण तो भाग कुणाशीही न बोलता आजच हाती घेता येतो.

कुत्री पुन्हा तिथेच येतात याचं कारण तुमचं धुणं कमी पडतं हे नाही, तुम्ही वापरता ती वस्तू चुकीची आहे. माणसाच्या नाकात गंध टिपणारे ग्राही साधारण ५०-६० लाख मानले जातात, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १० ते ३० कोटी. फिनेलचा उग्र वास आपल्यापुरता लघवीचा वास झाकतो, कुत्र्याला मात्र दोन्ही वास वेगवेगळे कळतात. वर, आधीच्या कुत्र्याच्या खुणेवर आपली खूण करणं ही नर कुत्र्यांची उपजत वृत्ती. ते पाय वर करून उभ्या वस्तूवर मुततात, कारण तिथला वास दुसऱ्या कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर राहतो. वळणावरचा खांब म्हणजे त्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोक्याची जागा. अमोनिया असलेले क्लीनर तर मुळीच वापरू नका. लघवी कुजताना अमोनियाच सुटतो, म्हणजे तुम्ही त्याच वासात भर घालाल.

इथे एन्झाइमवालं क्लीनर लागतं, पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठी म्हणून मिळतं ते. ते वास झाकत नाही, वास देणारे घटकच मोडतं. पण बहुतेक जण ते फवारतात आणि लगेच पुसतात, मग "काही उपयोग झाला नाही" म्हणतात. पद्धत अशी. आधी साध्या डिटर्जंटने आणि खराट्याने खांब व जमीन घासा, आणि फिनेलचा अंश राहणार नाही इतकं पाणी ओता. जंतुनाशकाचा अंश उरला तर एन्झाइम निकामी होतात, आणि इतके दिवसांचं फिनेल तिथे मुरलेलं आहे. जागा पूर्ण वाळू द्या, नाहीतर आधीच्या ओलाव्याने औषध पातळ होईल. मग ऊन उतरल्यावर जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत खांब आणि त्याच्याभोवती फूटभर जमीन क्लीनरने चिंब करा. काँक्रीट, वीट, फरशीच्या सांधी लघवी आत शोषून घेतात, तेव्हा औषधही तितकंच आत गेलं पाहिजे. वर जुनं ओलं फडकं गुंडाळा किंवा प्लॅस्टिक लावा, म्हणजे लेबलवर दिलेला वेळ ते ओलं राहील. काही क्लीनरना १०-१५ मिनिटं पुरतात, जुन्या डागांना काही तास लागतात. नंतर धुवायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं. तुमची जागा जुनी आहे, तेव्हा एक दिवसाआड दोन-तीनदा हे करावं लागेल. त्यानंतर ताजी लघवी दिसली की बादलीभर साधं पाणी पुरतं, मात्र ते लवकर पडलं पाहिजे.

हे क्लीनर मिळालं नाही तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन चालतं. वास बराच कमी होतो, पण एन्झाइमची सर नाही. संगमरवर, चुनखडीचा दगड किंवा चुन्याच्या गिलाव्यावर व्हिनेगर नको, आम्लाने पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. ब्लीच लघवीवर कधीही ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाचा वायू तयार होतो, त्याने डोळे आणि घसा चुरचुरतो, दम लागतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करणंही तितकंच घातक, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. खांबाचा गिलावा खडबडीत असेल तर पुढच्या रंगकामाच्या वेळी खालच्या अडीच फुटांना गुळगुळीत टाइल किंवा पाणी न शोषणारं सीलर लावून घ्या. हा एकदाच होणारा खर्च रोजचे कष्ट वाचवतो.

शी उचलताना पिशवी हातमोज्यासारखी हातात उलटी घालायची, शी मुठीत धरायची, पिशवी उलटवून घट्ट गाठ मारायची. पातळ असेल तर तिच्यावर पाणी मारण्याची चूक होते आणि ती फरशीभर पसरते. आधी कोरडी माती, लाकडाचा भुसा किंवा राख टाका, पाच मिनिटं थांबा, सुपडीने उचला आणि मगच जागा धुवा. गोळा केलेली शी कुंडीत किंवा खताच्या ढिगात घालू नका. शेणासारखं तिचं खत करता येत नाही, त्यात जंतांची अंडी असू शकतात आणि घरगुती ढीग ती मारण्याइतका तापत नाही. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारातही ढकलू नका, ते पाणी पुढे ओढ्या-नदीला मिळतं.

बाळाची काळजी तुम्हाला वाटते ती योग्य आहे, पण ती नेमकी कुठे करायची ते समजून घ्या. कुत्र्यांच्या गोल जंतांची, म्हणजे टॉक्सोकाराची, अंडी शीतून बाहेर पडतात तेव्हा लगेच लागण करत नाहीत. मातीत साधारण दोन ते चार आठवडे गेल्यावर ती लागण करण्याजोगी होतात, आणि मग अनेक महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. ब्लीच किंवा फिनेलने ती मरत नाहीत. म्हणजे शी त्याच दिवशी पूर्ण उचलली गेली तर हा धोका जवळजवळ संपतो. चार-पाच आठवडे पडून, सुकून, मातीत मिसळलेली शी, जी आता "दिसत नाही", तीच खरी घातक. अंकुशकृमींच्या अळ्या त्याहून लवकर, साधारण आठवड्याभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शिरू शकतात. म्हणून बाळ रांगतं त्या जागेत बाहेरच्या चपला येऊ देऊ नका, कुंड्यांच्या मातीपासून त्याला दूर ठेवा आणि बाहेरची जागा साफ केल्यावर हात साबणाने धुवूनच त्याला घ्या. लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू पसरू शकतात. ते ओल्या जागेत आणि साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे जगतात आणि जखमेतून किंवा डोळ्यांतून शरीरात जातात. खांब धुताना रबरी हातमोजे आणि बंद चपला घाला, पायाला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या, जोरदार फवाऱ्याने पाणी उडवू नका आणि तिथे डबकं साचू देऊ नका.

आता तिखट. ते कुत्र्याच्या नाका-डोळ्यांत जातं, पंजाला लागतं, पंजा चाटला की तोंडात जातं. वाऱ्याने उडून ते तुमच्याच बाळाच्या डोळ्यांतही जाईल. इतकं करून दोन दिवसांत त्याचा जोर संपतो. डांबरगोळ्या त्याहून वाईट. त्या नॅफ्थॅलिनच्या असतात, काही पॅराडायक्लोरोबेन्झिनच्या, आणि दोन्ही विषारी. कुत्र्याने एक-दोन गिळल्या तरी रक्तपेशी आणि यकृताला इजा होऊ शकते, आणि रांगणारं मूल पांढरी गोल वस्तू सर्वात आधी तोंडात घालतं. कॉफीचा चोथाही नको, त्यातलं कॅफीन कुत्र्यांना बाधतं. फिनेलही जपून, मांजरांना तर ते फारच घातक असतं. निळ्या पाण्याच्या बाटल्या कुणाला बाधत नाहीत, पण त्यांचा उपयोगही नाही. कुत्र्यांना निळा रंग चांगला दिसतो आणि त्यात त्यांनी बिचकावं असं काहीच नाही.

खरा उपयोग होतो तो अडथळ्याचा. कुत्र्याला शी करण्याआधी हुंगायला, गोल फिरायला आणि बसायला सपाट, मोकळी जागा लागते. ती जागाच मोडा. कुंड्यांसमोर मुठीएवढे ओबडधोबड दगड दाटीने मांडा, किंवा मातीवर जाळी अंथरून वर गोटे टाका. कुंड्या फाटकाच्या आत घ्या किंवा तीन फुटांच्या स्टँडवर चढवा. खांबाभोवती दीड-दोन फुटांवर बुटकं रेलिंग बसवता आलं तर कुत्रं खांबापर्यंत पोचतच नाही, मात्र ते तुमच्या हद्दीत हवं आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायात येता कामा नये. पाण्याची सोय असेल तर हालचाल टिपून पाणी उडवणारा फवारा चांगला चालतो, फक्त त्याचा रोख रस्त्यावरच्या माणसांकडे नको, नाहीतर नवं भांडण सुरू होईल. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाची यंत्रं कधी चालतात, कधी कुत्री त्यांना सरावतात. त्यांच्यावर पैसे घालण्याआधी दगड मांडून बघा.

करपलेल्या रोपांचं दुखणं म्हणजे खताचा अतिरेक. लघवीतलं नत्र आणि क्षार एकाच जागी पडले की मुळं जळतात, मूठभर युरिया एका कुंडीत टाकल्यावर जळावीत तशीच. वरची दोन-तीन इंच माती काढून नवी भरा आणि तळातून पाणी वाहीपर्यंत तीनदा पाणी द्या. खोड अजून हिरवं असेल तर वाळलेली पानं काढून महिनाभर वाट पाहा, खत मात्र देऊ नका.

आता शेजारी. बोलायला जाण्याआधी दहा-बारा दिवस वहीत नोंद ठेवा: तारीख, वेळ, काय होतं (शी की शू), नेमकं कुठे, कोण दिसलं. "रोज तुमचंच कुत्रं" आणि "सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी सकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान" यांत फार फरक आहे. पहिल्या वाक्याला नाकारणं सोपं असतं. शिवाय ही नोंद तुमचाही संशय दुरुस्त करते. रात्री दीडला पडलेली शी फिरवायला नेलेल्या कुत्र्याची सहसा नसते. एकसारखी, घट्ट, एका रंगाची शी बऱ्याचदा कोरडं खाद्य खाणाऱ्या पाळीव कुत्र्याची असते. केस, हाडांचे तुकडे, प्लॅस्टिक दिसलं तर भटक्याची शक्यता जास्त. हे पुरावे नव्हेत, अंदाज आहेत, आणि बोलताना ते अंदाज म्हणूनच ठेवा. कॅमेरा लावायचा असेल तर फक्त स्वतःचं फाटक दिसेल असा लावा, समोरच्यांचं दार त्यात येऊ देऊ नका.

बोलायची वेळ कुत्रं तिथे पाय वर करून उभं असतानाची नव्हे. त्या क्षणी माणूस चारचौघांत पकडला गेलेला असतो आणि चूक कबूल करणं त्याला जड जातं. ग्रुपवरच्या व्हिडिओचंही तेच होतं: व्हिडिओ आला की मुद्दा कुत्र्याचा राहत नाही, अब्रूचा होतो. फिरायला जाताना त्यांच्या हातात पट्टा असतोच, तेव्हा बोलू नका. संध्याकाळी निवांत, त्यांच्या दारी, एकट्याने जा. मागचं भांडण उकरू नका, "त्या दिवशी मीही तावातावाने बोलले" एवढं म्हणा. कुत्र्याचं नाव माहीत असेल तर नावाने बोला. मग थेट: "फाटकाजवळ आठवड्यातून तीनदा शी सापडते. ती तुमच्या मोतीची आहे असं मी म्हणत नाही. पण घरात बाळ रांगतं, म्हणून इथून जाणाऱ्या सगळ्यांनाच सांगतेय: शी झाली तर उचला, आणि खांबापाशी त्याला थांबू देऊ नका. पलीकडे मातीची मोकळी पट्टी आहे, तिथे शू केली तर माझी काही हरकत नाही." विनंती दोनच गोष्टींची, आणि सोबत पर्याय. मग खरंच सगळ्यांना सांगा, एकालाच नाही. पिशव्यांचा गठ्ठा फाटकाच्या आकड्याला टांगून ठेवला तर फार बरं. ज्यांच्याकडे "आज पिशवी विसरलो" हे कारण असतं, त्यांचं ते कारण संपतं.

ते पुन्हा म्हणतील, "रस्ता सार्वजनिक आहे." मान्य करा. रस्ता सार्वजनिक आहे म्हणूनच त्यावरची शी उचलायची. "असं कुणी करत नाही" म्हणाले, तर न्यूयॉर्कचं उदाहरण सांगता येईल. तिथे १९७८ मध्ये मालकाने शी उचलणं कायद्याने बंधनकारक केलं, तेव्हा लोकांनी आरडाओरड केली होती. आज जगभर अनेक शहरांत तोच नियम आहे आणि खिशात पिशवी ठेवणं सवयीचं झालं आहे. "कुत्र्याला काय कळतं?" याला उत्तर असं की शिकवलं तर बरंच कळतं. हा पुढचा भाग त्यांनाच वाचायला द्या.

कुत्रं पाळणाऱ्यांसाठी: बहुतेक कुत्र्यांना झोपेतून उठल्यावर लगेच शू येते, आणि खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत शी. म्हणजे कुठे होणार हे तुमच्या वेळापत्रकावर ठरतं. घराबाहेर पडल्यापासून पहिली पाच-दहा मिनिटं लोकांच्या दारांवरून न जाता थेट मातीच्या किंवा गवताच्या ठरलेल्या जागी जा. तिथे उभं राहा, फिरू नका, ठरलेला एकच शब्द हळू म्हणा. काम झालं की दोन सेकंदांच्या आत शाबासकी आणि खाऊ द्या, त्याहून उशीर झाला तर कुत्रं ते बक्षीस दुसऱ्याच गोष्टीशी जोडतं. सुरुवातीला नवी जागा त्याला रुचत नसेल तर त्याच्याच लघवीने भिजलेला कागद तिथे ठेवा. पिल्लूपणी ज्या जमिनीची सवय लागते तीच कुत्र्याला आवडते. फरशीवर वाढलेल्या कुत्र्याला मातीवर आणायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. एक चूक फार जण करतात: शी झाली की लगेच घरी परत. कुत्र्याला कळतं की शी केली की फिरणं संपतं, मग ते रोखून धरतं आणि परतीच्या वाटेवर, कुणाच्या तरी फाटकासमोर करतं. आधी शी-शू, मग लांब फेरी, हा क्रम ठेवा.

फाटकांवरून जाताना पट्टा दीड मीटरपेक्षा लांब नको. लांबत जाणारा पाच मीटरचा पट्टा इथे कामाचा नाही. तुम्ही थांबा म्हणेपर्यंत कुत्रं खांबाला पोचलेलं असतं. तुम्ही भिंतीच्या बाजूला राहा, कुत्रं दुसऱ्या बाजूला, वाहनांकडे लक्ष ठेवून. नाक भिंतीला लागलं, चाल मंदावली, गोल फिरू लागलं की खाऊ दाखवून दहा-पंधरा पावलं झपझप पुढे न्या. ओढाताण करू नका, चालत्या लघवीत ओढलं तर फक्त घाण पसरते. खिशात तीन पिशव्या ठेवा, कारण शी दोनदा होते आणि एक पिशवी फाटते. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटलीही ठेवा: चुकून कुणाच्या दारात शू झालीच तर तिथल्या तिथे ओता, घरमालकाला ते दिसतं आणि अर्धं भांडण तिथेच मिटतं. पिशवी "विघटनशील" असली तरी झुडपात अडकवून जाऊ नका, ती तिथे महिनोन्‌महिने तशीच लटकते. कुत्रं फिरवायला माणूस ठेवला असेल तर पिशव्या मोजून द्या आणि परत आल्यावर किती उरल्या ते बघा. खूण करण्याची खोड नसबंदीने बऱ्याच नरांमध्ये कमी होते, सगळ्यांमध्ये नाही, आणि सवय जितकी जुनी तितका फरक कमी. एरवी रोखू शकणारं कुत्रं अचानक वारंवार शू करू लागलं, रक्त दिसलं किंवा पाणी फार पिऊ लागलं तर ती खोड नव्हे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं, पशुवैद्याकडे न्या. जंतनाशक आणि लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर देणं हे शेजारच्या बाळासाठीही आहे.

गल्लीत चार-पाच कुत्री असतील तर सगळ्यांनी मिळून एक कोपरा ठरवणं, हा उपाय मला सगळ्यात टिकाऊ वाटतो. निदान दीड मीटर बाय दोन मीटर जागा, त्यात १५-२० सेंटिमीटर जाडीचा वाळूचा किंवा बारीक खडीचा थर, खाली पाणी मुरेल अशी माती. मध्ये कमरेएवढा एक लाकडी खांब रोवा, नर कुत्री त्यावर खूण करतील आणि तुमचा खांब सुटेल. शेजारी झाकणाचा डबा आणि पिशव्या. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, पाण्याच्या टाकीपासून आणि उताराच्या वरच्या बाजूपासून हा कोपरा लांब हवा. असे कोपरे बंद पडतात ते ठरलेल्या कारणांनी. रोजची सफाई कुणाची हे ठरलेलं नसतं, आणि घाणेरड्या जागी कुत्रीच पाय ठेवत नाहीत. डब्याला झाकण नसलं की माश्या होतात आणि जवळचं घर तक्रार करतं. फार लांब केला तर सकाळच्या घाईत कुणी जात नाही. तेव्हा आधी वार वाटून घ्या, मग वाळू आणा. शी रोज उचलायची, पाणी रोज मारायचं, वरचा वाळूचा थर वास धरू लागला की बदलायचा.

तुमच्या नोंदीत रात्रीची शी जास्त निघाली तर प्रश्न भटक्या कुत्र्यांचा आहे आणि शेजाऱ्यांशी भांडून तो सुटणार नाही. बघा, जवळपास त्यांना कुणी खायला घालतं का, कचऱ्याचा डबा उघडा असतो का. खाल्ल्यावर थोड्याच वेळात ती आसपास शी करतात, म्हणून खायला घालणाऱ्यांना थांबवण्यापेक्षा जागा हलवायला सांगा: ठरलेल्या वेळी, रोज पाच-दहा पावलं दूर, मोकळ्या मातीच्या दिशेने. एकदम लांब नेलं तर कुत्री जुन्याच जागी वाट बघत बसतात. उरलंसुरलं अन्न उचलायचं काम खायला घालणाऱ्याचं. दगड मारणं, गरम पाणी फेकणं, विष घालणं यांतलं काहीही, रागाच्या भरातही, कुणाला करू देऊ नका. अनेक ठिकाणी तो गुन्हा आहे, आणि त्या मुक्या जिवाचा यात काडीचाही दोष नाही.

बोलून झाल्यावर दोन आठवडे द्या. फरक पडला नाही तर तेच म्हणणं लेखी द्या, स्वतःच्या नावाने आणि सहीने. निनावी चिठ्ठीने सगळी गल्ली एकमेकांवर संशय घेते. त्यालाही दाद मिळाली नाही तर रहिवाशांच्या संघटनेकडे आणि मग स्थानिक प्रशासनाच्या स्वच्छता विभागाकडे जा. तक्रारीत कुत्र्याची जात किंवा शेजाऱ्यांचा स्वभाव लिहू नका. नोंदवहीतल्या तारखा आणि वेळा, शी पडलेल्या जागेचे फोटो (माणसांचे चेहरे नकोत), तुम्ही कधी बोललात, कधी पत्र दिलं आणि नेमकं काय हवं आहे ते लिहा: शी उचलण्याचा नियम सगळ्यांना कळवावा, झाकणाचा एक डबा बसवावा, कोपऱ्यासाठी जागा दाखवावी. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घेऊन ठेवा.